विश्लेषण : दादासाहेब फाळके यांचे फोटोग्राफीचे दुकान का चालले नाही? कॅमेऱ्यातून पैसा नेमका कुठे मिळतो?

नागपुरात लग्नसराई सुरू झाली की कॅमेऱ्याची बॅग खांद्यावर टाकून कार्यालया-कार्यालयांत धावणारी तरुण मुले दिसू लागतात. त्यांच्या घरात एक प्रश्न हमखास विचारला जातो : यावर घर चालेल का? हा प्रश्न सव्वाशे वर्षे जुना आहे. भारतीय चित्रपटसृष्टीचे जनक म्हणून ज्यांचे नाव घेतले जाते, ते धुंडिराज गोविंद ऊर्फ दादासाहेब फाळके पहिला चित्रपट काढण्याआधी तब्बल सतरा वर्षे याच प्रश्नाशी झगडत होते. गोध्र्याला स्टुडिओ, बडोद्याला पुन्हा तोच प्रयत्न, मग सरकारी नोकरी, मग छापखाना. कला हातात होती, तरी फोटोग्राफीने त्यांना स्थिर उत्पन्न दिले नाही. पुढे त्याच कलेने प्रेक्षकांच्या रांगा लावल्या. हे कसे घडले?

फाळके कॅमेऱ्याकडे कसे वळले?

फाळके यांचा जन्म ३० एप्रिल १८७० रोजी त्र्यंबकेश्वरला झाला. वडील संस्कृतचे पंडित. त्यांना मुंबईच्या विल्सन कॉलेजात अध्यापनाचे काम मिळाले आणि कुटुंब मुंबईला आले. धुंडिराजने १८८५ मध्ये जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये प्रवेश घेतला. तिथे चित्रकलेचे शिक्षण घेऊन ते थोरल्या भावाबरोबर बडोद्याला गेले.

बडोद्यात सयाजीराव गायकवाड यांच्या राज्यात १८९० मध्ये कलाभवन सुरू झाले होते. हातात कला आणि डोक्यात विज्ञान असलेली माणसे तयार करणे, हा त्या संस्थेचा हेतू होता. प्राचार्य त्रिभुवनदास गज्जर रसायनशास्त्राचे जाणकार. फाळके तिथे तैलचित्रे, जलरंग, वास्तुरेखन आणि प्रतिकृती करायला शिकले. याच सुमारास त्यांच्या हाती कॅमेरा आला. फोटो काढणे, काच धुणे, कागदावर छाप उमटवणे याच्या जोडीला फोटोवरून छपाईचे ठसे कसे बनवायचे, हेही ते शिकले. तीनरंगी ठसे आणि फोटो-लिथोचे तंत्र शिकण्यासाठी गज्जरांनी त्यांना रतलामला पाठवले. परतल्यावर कलाभवनाचा स्टुडिओ आणि प्रयोगशाळा त्यांना वापरायला दिली.

म्हणजे पंचविशीच्या आत फाळके यांच्याकडे फोटोग्राफीचे जे शिक्षण होते, ते त्या काळातल्या फार थोड्या भारतीयांकडे होते. कौशल्य कमी पडले म्हणून धंदा बसला, असे त्यांच्याबाबत म्हणता येत नाही. म्हणूनच त्यांचे उदाहरण तपासण्यासारखे आहे.

त्या काळी फोटोग्राफी हा कमाईचा धंदा होता का?

होता, पण मोजक्या ठिकाणी आणि मोजक्या लोकांसाठी. छायाचित्रणाचा शोध १८३९ मध्ये जाहीर झाला आणि थोड्याच वर्षांत तो मुंबईला पोहोचला. १८५४ मध्ये मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे त्या पिढीतले नावाजलेले छायाचित्रकार. हरिश्चंद्र चिंतामण यांनी १८५० च्या दशकातच मुंबईत व्यावसायिक स्टुडिओ थाटला होता. बंदर, कापसाचा व्यापार, श्रीमंत शेटे, इंग्रज अधिकारी आणि त्यांची कुटुंबे : गिऱ्हाईक सतत मिळेल अशी ही वस्ती होती.

धंदा म्हणून फोटोग्राफी सर्वांत मोठ्या प्रमाणावर करून दाखवली ती लाला दीनदयाळ यांनी. मेरठजवळच्या सरधना इथे १८४४ मध्ये जन्मलेले दीनदयाळ रुडकीला अभियांत्रिकी शिकले आणि होळकरांच्या इंदूरला सार्वजनिक बांधकाम खात्यात नोकरीला लागले. फोटोग्राफी आधी नोकरी सांभाळून. मोठमोठ्या इंग्रज अधिकाऱ्यांची कामे मिळू लागल्यावर ती पूर्णवेळ. पुढे सिकंदराबादला स्टुडिओ, हैदराबादच्या निजामाचा आश्रय आणि किताब, पडदानशीन स्त्रियांसाठी १८९२ मध्ये एका इंग्रज बाईंच्या देखरेखीखाली वेगळा स्टुडिओ आणि १८९६ मध्ये मुंबईत शाखा. दरबार, शिकार, लष्करी कवायती, वास्तू, व्यक्तिचित्रे, अल्बम अशी कामाची अनेक अंगे त्यांनी एकाच नावाखाली आणली.

दीनदयाळ यांचा धंदा एका प्रकारच्या गिऱ्हाइकावर अवलंबून नव्हता आणि त्यांचे गिऱ्हाईक पुन्हा पुन्हा येणारे होते. दरबार दरवर्षी भरतो, पाहुणे दरवर्षी येतात, अल्बम दरवेळी नवा लागतो. फाळके यांनी निवडलेल्या जागेत नेमके हेच नव्हते.

गोध्र्यात काय घडले?

१८९५ च्या सुमारास फाळके यांनी पंचमहाल जिल्ह्यातील गोध्रा या गावी व्यावसायिक छायाचित्रकार म्हणून बस्तान बसवले. हिशेब वरवर पाहता बरोबर होता. मुंबई-बडोद्यात स्पर्धा, छोट्या गावात आपणच एकटे. आजही अनेक तरुण हाच विचार करून तालुक्याच्या गावी स्टुडिओ काढतात.

पण छोट्या गावातल्या स्टुडिओचे अर्थकारण अवघड असते. कॅमेरा, भिंग, काचा, रसायने, कागद हे सगळे परदेशातून मुंबईला येणार आणि तिथून गावात. हा खर्च गिऱ्हाईक असो वा नसो, आधी करावा लागतो. रसायने आणि काचा पडून राहिल्या तर खराब होतात. समोर गिऱ्हाईक कोण? काही वकील, अधिकारी, व्यापारी आणि जमीनदार घराणी. एका घराने एकदा फोटो काढला की पुढची अनेक वर्षे त्या घराला फोटोची गरज नाही. पहिल्या वर्षी गावातली ऐपतदार घरे संपली की दुसऱ्या वर्षी कोण येणार?

त्यावर संकट कोसळले. १८९६ मध्ये मुंबईत आलेला प्लेग पश्चिम भारतात पसरत गेला. या साथीत फाळके यांची पहिली पत्नी आणि मूल दगावले. घरही गेले आणि धंद्यात मनही राहिले नाही. गोध्रा सोडून ते बडोद्याला परतले.

बडोद्यात दुकान का चालले नाही?

बडोद्यात ओळखी होत्या, दरबार होता, कलाभवनाचे नाव होते. फाळके यांनी पुन्हा फोटोग्राफीचा व्यवसाय सुरू केला. पण गावात एक समजूत पसरली होती. कॅमेरा माणसाच्या अंगातली शक्ती ओढून घेतो, फोटो काढला की आयुष्य कमी होते. बडोद्याच्या राजघराण्यातील एका तरुण राजपुत्रानेही याच भीतीपोटी फोटोला नकार दिला होता आणि फाळके यांनी त्याची समजूत घातली, अशी हकिगत सांगितली जाते. राजपुत्राचे मन वळले, तरी गावाचे वळले नाही.

आज ही समजूत हास्यास्पद वाटते. पण ती ज्या काळात पसरली, तो काळ लक्षात घ्यायला हवा. प्लेगने घरेच्या घरे रिकामी होत होती. सरकारी डॉक्टर, तपासणी, विलगीकरण या सगळ्या नव्या आणि परक्या गोष्टींकडे लोक संशयाने पाहत होते. त्यात काळ्या कापडाखाली तोंड लपवून डबा रोखणारा माणूस. अशा वेळी फोटो ही चैनीची वस्तू ठरते आणि चैनीच्या वस्तूवर संशय आला की ती सर्वांत आधी सोडली जाते.

दुसरी अडचण जगभरची होती. १८८० च्या दशकापासून तयार कोरड्या काचा बाजारात मिळू लागल्या होत्या. त्याआधी छायाचित्रकाराला काचेवर ओले रसायन स्वतः चढवून, ते वाळण्याआधी फोटो घ्यावा लागे. हे कसब येणारी माणसे थोडी, म्हणून त्यांचा भाव मोठा. तयार काचा आल्या आणि ते कसब बाजूला पडले. १८८८ मध्ये जॉर्ज ईस्टमनचा कोडॅक कॅमेरा आला. १९०० मध्ये कोडॅकचा ब्राउनी कॅमेरा अमेरिकेत एका डॉलरला विकला जाऊ लागला. ज्याला हौस आणि थोडी ऐपत, तो स्वतःच फोटो काढू लागला. मोबाइलमुळे स्टुडिओ बसले, असे आज म्हटले जाते. त्या गोष्टीची पहिली आवृत्ती फाळके यांच्या तरुणपणीच सुरू झाली होती.

पोटासाठी फाळके यांनी नाटकांचे पडदे रंगवले. जादूचे प्रयोग शिकले आणि आडनाव उलटे करून प्रोफेसर केळफा या नावाने खेळही केले. १९०२ मध्ये त्यांचे दुसरे लग्न झाले. किर्लोस्कर नाटक मंडळीशी नाते असलेल्या घरातल्या गिरिजा करंदीकर लग्नानंतर सरस्वतीबाई झाल्या. पुढच्या सगळ्या उलाढालीत त्यांचा वाटा मोठा आहे.

सरकारी नोकरी का सोडली?

१९०३ मध्ये फाळके यांना पुरातत्त्व खात्यात छायाचित्रकार आणि नकाशाकार म्हणून नोकरी मिळाली. लेणी, देवळे, शिल्पे यांचे फोटो काढायचे आणि आराखडे करायचे. फोटोग्राफीतून दरमहा ठरलेला पगार मिळण्याचा हा खरा सुरक्षित मार्ग होता. आजही सरकारी खाती, वर्तमानपत्रे, रुग्णालये, विद्यापीठे यांच्या पगारावर असलेले छायाचित्रकार हाच मार्ग धरतात.

पण या मार्गाची एक मर्यादा आहे. पगारावर काढलेल्या फोटोवर काढणाऱ्याचा हक्क राहत नाही. एका लेण्याचा फोटो पुढे शंभर पुस्तकांत छापला गेला, तरी काढणाऱ्याचा पगार तेवढाच. फाळके यांचे मनही नोकरीत रमले नाही. वंगभंगानंतर स्वदेशीची लाट आली होती आणि स्वतःचा उद्योग काढावा, अशी हवा सगळीकडे होती. त्यांनी नोकरीचा राजीनामा दिला.

छापखान्याने काय शिकवले?

नोकरी सोडल्यावर फाळके यांनी लोणावळ्याला ठसे आणि छपाईचा कारखाना काढला. लोणावळ्याजवळ मळवली इथे राजा रविवर्मा यांच्या नावाचा प्रसिद्ध छापखाना होता. लक्ष्मी, सरस्वती, राम-सीता यांची रंगीत चित्रे तिथून छापून घरोघरी जात. फाळके यांनी त्या छापखान्यासाठी फोटो-लिथोचे काम केले.

इथे त्यांच्या आयुष्यात एक फरक पडला. गोध्र्यात त्यांनी एका माणसाचा एक फोटो काढून एका घराला विकला होता. इथे एकाच चित्राच्या हजारो प्रती निघत होत्या आणि हजारो घरांत जात होत्या. मूळ चित्र काढायला वेळ, श्रम आणि पैसा एकदाच लागतो. त्यानंतरच्या प्रत्येक प्रतीला लागतात फक्त कागद, शाई आणि मजुरी. रविवर्मांचे मूळ तैलचित्र राजेरजवाडेच घेऊ शकत. त्याची छापील प्रत साधा कारकूनही घेई. रांगेत उभे राहणारे गिऱ्हाईक दुसऱ्या प्रकारचे होते.

कारखाना पुढे मुंबईत दादरला आला. १९०८ च्या सुमारास पुरुषोत्तम मावजी भागीदार झाले आणि त्याचे नाव लक्ष्मी आर्ट प्रिंटिंग वर्क्स ठेवण्यात आले. रंगीत छपाईची नवी यंत्रे आणण्यासाठी फाळके १९०९ मध्ये जर्मनीला गेले. कामाचा दर्जा वाखाणला गेला. पण कारखाना कसा चालवायचा, यावरून भागीदारांशी खटके उडाले आणि फाळके बाहेर पडले. नाव त्यांच्या कामाने झाले होते, पण यंत्रे आणि भांडवल भागीदाराचे होते. चाळिशी ओलांडलेला, बायको-मुलांचा संसार असलेला हा माणूस १९११ मध्ये पुन्हा रिकाम्या हाताने उभा राहिला.

कॅमेरा पुन्हा हातात कसा आला?

याच सुमारास गिरगावात तंबूतल्या चित्रपटगृहात फाळके यांनी ख्रिस्ताच्या जीवनावरचा चित्रपट पाहिला. पडद्यावर ख्रिस्ताच्या जागी त्यांना राम आणि कृष्ण दिसू लागले. रविवर्मांची देवादिकांची चित्रे घराघरांत पोहोचलेली त्यांनी पाहिली होती. तीच चित्रे हलू लागली तर लोक येतील, हा अंदाज त्यांना छापखान्याच्या अनुभवाने दिला होता.

पुढचे काही महिने त्यांनी मिळेल तो चित्रपट पाहिला, यंत्रांची माहिती जमवली, छोट्या कॅमेऱ्यावर प्रयोग केले. डोळ्यांवर एवढा ताण आला की काही काळ दिसेनासे झाले. उपचारांनी दृष्टी परत आली. विम्याच्या पॉलिस्या तारण ठेवून त्यांनी पैसे उभे केले आणि फेब्रुवारी १९१२ मध्ये ते लंडनला गेले. तिथे सेसिल हेपवर्थ यांच्या स्टुडिओत काम पाहिले, विल्यमसन कंपनीचा कॅमेरा आणि फिल्मला छिद्रे पाडायचे यंत्र मागवले आणि दोन महिन्यांत परतले.

आता भांडवल हवे होते. ते मिळवण्यासाठी फाळके यांनी जे केले, ते मुळात छायाचित्रकाराचे काम होते. एका कुंडीत वाटाण्याचे दाणे पेरले आणि कॅमेरा न हलवता रोज थोडे थोडे चित्रण करत राहिले. पडद्यावर दाखवले तेव्हा बी अंकुरले, रोप वाढले आणि वेल झाला, सगळे मिनिटा-दोन मिनिटांत. स्थिर फोटोची चिकाटी आणि हलत्या चित्राची जादू एकत्र आली. हे पाहून फोटोग्राफीचे साहित्य विकणारे त्यांचे स्नेही यशवंतराव नाडकर्णी मदतीला उभे राहिले. सरस्वतीबाईंचे दागिनेही गहाण पडले.

फोटो काढणाऱ्याकडे पैसा नव्हता आणि फोटोचे सामान विकणाऱ्याकडे होता, ही गोष्टही नोंद घेण्यासारखी आहे.

‘राजा हरिश्चंद्र’चे चित्रण घरचा संसार आणि नटमंडळी एकत्र ठेवूनच झाले. सरस्वतीबाई सगळ्या मंडळींचा स्वयंपाक पाहत, फिल्मला अंधारात छिद्रे पाडत, ती धुवायला मदत करत. हे श्रम कुठल्याच खर्चाच्या यादीत आले नाहीत. धंद्याचा हिशेब मांडताना घरच्यांची मजुरी शून्य धरायची, ही सवय आजच्या स्टुडिओंमध्येही आहे. नफा दिसतो, तो अनेकदा त्यामुळेच.

सत्तावन्न हजार फोटो, फक्त तीन आण्यांत?

‘राजा हरिश्चंद्र’ ३ मे १९१३ रोजी गिरगावातील कोरोनेशन चित्रपटगृहात लागला. मुंबईत प्रतिसाद चांगला होता. मुंबईबाहेर मात्र पहिल्याच मुक्कामाला धक्का बसला. सुरतेला पहिल्या दिवशी जेमतेम तीन रुपये जमले, असे सांगतात. तीन आणे तिकीट धरले तर तीन रुपये म्हणजे सोळा माणसे. दोन आण्यांत सहा तासांचे नाटक मिळत असताना दीड तासाच्या खेळाला कोण तीन आणे देणार?

तिकीट कमी करायचा सल्ला फाळके यांना मिळाला. त्यांनी दर तोच ठेवला आणि जाहिरात बदलली. फक्त तीन आण्यांत सत्तावन्न हजार फोटोंचा खेळ, दोन मैल लांबीचे चित्र, अशा आशयाची जाहिरात झळकली आणि गर्दी लोटली.

या आकड्यांचा हिशेब मांडून पाहता येतो. एक फूट फिल्ममध्ये १६ चित्रे असतात. ‘राजा हरिश्चंद्र’ची लांबी सुमारे ३,७०० फूट होती. म्हणजे साधारण ५९ हजार फोटो. सत्तावन्न हजारांचा दावा जवळपास खरा होता. दोन मैल मात्र जाहिरातबाजी होती, कारण ३,७०० फूट म्हणजे पाऊण मैलही होत नाही.

गोध्र्यात ज्यांना गिऱ्हाईक मिळाले नाही, त्याच फाळके यांनी सुरतेत हजारो फोटो एकदम विकले. फरक एवढाच की गिऱ्हाइकाने फोटो घरी नेले नाहीत, पाहून परत केले. तेच फोटो दुसऱ्या दिवशी दुसऱ्या गिऱ्हाइकाला, मग दुसऱ्या गावात, पुन्हा तीन आण्यांना. स्टुडिओत एका फोटोचा पूर्ण खर्च एका गिऱ्हाइकाकडून वसूल करावा लागतो. इथे तो खर्च हजारो माणसांमध्ये वाटला गेला. म्हणून एकेकाला तो स्वस्त पडला आणि तरी काढणाऱ्याला परवडला.

फोटो काढून आयुष्य घटते म्हणणारे लोक हा खेळ पाहायला कसे आले? कारण इथे त्यांचा स्वतःचा फोटो निघत नव्हता. त्यांना देव आणि पुराणातले राजे पाहायला मिळत होते. फाळके यांनी लोकांची समजूत बदलण्यात शक्ती घालवली नाही, त्यांनी विकायची वस्तू बदलली.

पैसा आला, मग राहिला का?

‘मोहिनी भस्मासुर’, ‘सत्यवान सावित्री’ आणि १९१७ चा ‘लंका दहन’. या शेवटच्या चित्रपटाची मद्रासमधली कमाई नाण्यांच्या पोत्यांनी भरून बैलगाडीतून न्यावी लागली, अशी आख्यायिका आहे. नाशिकला कारखाना उभा राहिला. सुरतेच्या सोळा तिकिटांपासून हा प्रवास चारच वर्षांचा.

पण एक चित्रपट काढून त्याची कमाई दुसऱ्यात घालायची, ही ओढाताण सतत होती. १९१८ मध्ये मुंबईच्या काही भांडवलदारांबरोबर हिंदुस्थान सिनेमा फिल्म्स कंपनी स्थापन झाली. फाळके काम करणारे भागीदार झाले. ‘श्रीकृष्ण जन्म’ आणि ‘कालिया मर्दन’ गाजले. ‘कालिया मर्दन’मध्ये त्यांची लहान मुलगी मंदाकिनी कृष्ण झाली होती. पण पैसा लावणाऱ्यांना खर्चाचा हिशेब हवा होता आणि फाळके यांना मनासारखे काम. लक्ष्मी छापखान्यातले भांडण पुन्हा नव्या जागी सुरू झाले. १९१९ च्या अखेरीस ते कंपनीतून बाहेर पडून काशीला गेले.

इथे या कथेत नागपूरशी जोडलेले एक नाव येते. अच्युत बळवंत कोल्हटकर हे एके काळी नागपूरच्या ‘देशसेवक’ पत्राचे संपादक होते आणि राजद्रोहाच्या खटल्यात तुरुंगातही गेले होते. पुढे मुंबईत त्यांनी ‘संदेश’ काढले. त्यांनी फाळके यांना परत येण्याची गळ घातली. चित्रपटसृष्टीपुरते आपण मेलो आहोत, अशा अर्थाचे उत्तर फाळके यांनी पाठवले. कोल्हटकरांनी ते फाळके यांच्या मृत्यूची बातमी वाटावी अशा मथळ्याखाली छापले. वाचकांच्या पत्रांचा पाऊस पडला. काशीत रंगभूमीवर एक नाटक लिहून झाल्यावर फाळके नाशिकला परतले आणि पगारी दिग्दर्शकासारखे पुन्हा त्याच कंपनीत काम करू लागले.

१९३१ मध्ये बोलपट आला आणि मूकपटांचा बाजार संपला. ‘सेतुबंधन’ला नंतर आवाज जोडावा लागला. कोल्हापुरात १९३७ मध्ये केलेला ‘गंगावतरण’ हा त्यांचा शेवटचा चित्रपट. १६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशिकला त्यांचे निधन झाले तेव्हा हाती फारसे काही उरले नव्हते. त्यांच्या नावाचा केंद्र सरकारचा पुरस्कार १९६९ पासून दिला जातो.

दुसरा मार्ग होता का?

त्याच काळातले दुसरे मराठी छायाचित्रकार हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर ऊर्फ सावे दादा. मुंबईत त्यांचा स्टुडिओ होता. फाळके यांच्या आधी, १८९९ मध्ये, त्यांनी परदेशी कॅमेऱ्यावर कुस्तीचे चित्रण केले. १९०१ मध्ये रँग्लर परांजपे यांच्या स्वागताचे चित्रणही त्यांचेच. पण त्यांनी लवकरच कॅमेरा बाजूला ठेवला आणि मुंबईच्या गेइटी थिएटरच्या व्यवस्थापनात शिरले. चित्रे कोणीही काढो, तिकीट आपल्या दारात फाटले पाहिजे, असा हा मार्ग. त्यात जोखीम कमी होती. सावे दादांचे नाव फाळके यांच्याएवढे झाले नाही, पण त्यांना दोनदा भागीदारी सोडून रिकाम्या हाताने उठावेही लागले नाही.

आजच्या छायाचित्रकाराने यातून काय घ्यावे?

नागपुरातल्या बहुतेक छायाचित्रकारांचे उत्पन्न लग्नाच्या ऑर्डरींवर चालते. हा गोध्र्याच्या दुकानाचाच सुधारलेला नमुना आहे. लग्न एकदाच होते, गिऱ्हाईक पुन्हा येत नाही आणि तारखा थोडक्या महिन्यांत एकवटतात. एका दिवशी तीन ऑर्डरी आल्या तर दोन सोडाव्या लागतात आणि उरलेल्या महिन्यांत कॅमेऱ्याचा हप्ता मात्र चुकत नाही. बारसे, वाढदिवस, शाळेचे कार्यक्रम, बिल्डरांच्या सदनिका, हॉटेलांचे पदार्थ, दुकानांचा ऑनलाइन माल अशी वर्षभर चालणारी कामे जो जोडतो, तो दीनदयाळ यांच्या वाटेने जातो.

दुसरी वाट एका फोटोच्या अनेक प्रतींची. धम्मचक्र प्रवर्तन दिनाला दीक्षाभूमीवर पुस्तकांच्या शेजारी बाबासाहेब आणि बुद्धांच्या तसबिरींचे स्टॉल लागतात. एकच प्रतिमा हजारो घरांत जाते. पेंच किंवा ताडोब्याच्या वाघाचा उत्तम फोटो कॅलेंडर, पुस्तक, जाहिरात अशा अनेक ठिकाणी विकता येतो. पण ही वाट त्याच्यासाठीच खुली आहे, ज्याच्याकडे त्या फोटोचा हक्क आहे.

इथे कायदा माहीत असायला हवा. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम १७ नुसार, एखाद्याने पैसे देऊन फोटो काढून घेतला असेल आणि वेगळा करार केलेला नसेल, तर त्या फोटोचा पहिला मालक पैसे देणारा ठरतो. लग्नाचा, कंपनीचा किंवा हॉटेलच्या ऑर्डरीचा फोटो नंतर दुसरीकडे वापरायचा असेल, तर ते आधी लिहून घ्यावे लागते. स्वतःच्या खर्चाने आणि स्वतःच्या कल्पनेने काढलेला फोटो मात्र काढणाऱ्याचाच राहतो. तो हक्क आयुष्यभर आणि मृत्यूनंतर ६० वर्षे टिकतो.

फाळके यांचे दुकान बसले, त्याचे कारण त्यांच्या फोटोंच्या दर्जात नव्हते. गिऱ्हाईक एकदाच येणारे होते, खर्च आगाऊ होता आणि एक फोटो एकदाच विकला जात होता. चित्रपटाने यातल्या तिन्ही अडचणींवर तोड काढली. त्यांना जे जमले नाही ते चौथे काम : निर्माण केलेल्या गोष्टीची मालकी आपल्या हाती ठेवणे. छापखाना गेला, कंपनी गेली आणि त्यांच्याबरोबर चित्रांवरचा ताबाही गेला. कॅमेरा विकत घेण्याआधी आज जो हिशेब कागदावर मांडायचा, त्यात भिंगाच्या किमतीबरोबर हा एक रकानाही असायला हवा : फोटो काढून झाल्यावर तो कोणाचा?